पत्रक क्रमांक तीन

६ जानेवारी

ग्रंथालयाची खोली आज गेली. पुस्तकं खोक्यांत, खोकी तळघरात आणि खोक्यांशेजारी मी. जिथे नियतकालिकांच्या मांडण्या होत्या तिथे आता व्यायामोपचाराच्या सायकली येणार आहेत. इतकी वर्षं या रुग्णालयातले डॉक्टर "मॅडम, तेवढा एक लेख बघून द्या ना" म्हणत माझ्या टेबलाशी उभे राहायचे. आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे, तेव्हा मॅडमची गरज संपली, असा मोठ्या साहेबांचा हिशेब.

नोकरी मात्र शाबूत आहे. साहेबांनी नवीनच टूम काढली आहे. संगणकावर म्हणे एक आभासी जग आहे. लोक तिथे हवं ते रूप घेऊन फिरतात, घरं बांधतात, गप्पा मारतात. त्या जगात आपल्या रुग्णालयाने जागा घेतली आहे आणि तिथे ग्रंथालय उभं करायचं आहे. येईल त्याला आजाराविषयी खात्रीची माहिती द्यायची. द्यायची कुणी? मी.

"म्हणजे मी खेळ खेळत बसायचं?" मी विचारलं.

"खेळ नाही हो मॅडम, भविष्य आहे ते," साहेब म्हणाले. मग भविष्य तळघरात का ठेवलंय, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

१५ जानेवारी

घरी सराव केला. माझं तिथलं रूप पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा काय अवतार! तिचे केस तरी विंचर." केस विंचरायची कळ शोधता शोधता मी समुद्रात चालत गेले. नवरा मोटार चालवायला शिकवतो, त्यामुळे नवशिक्यांना हसायचा त्याला सरावच आहे. "क्लच सोडा हळूहळू," म्हणाला. तासाभराने बाहेर आले.

ग्रंथालय मात्र मनासारखं झालंय. खिडक्या मोठ्या, चौकशीचं टेबल दारासमोर. तिथे बोलायचं म्हणजे टाइप करायचं. लिहिलेलं आसपासच्या सगळ्यांना वाचता येतं. भिंतीवर मी माझे नियम लावले. इथे कुणाला नाव विचारलं जाणार नाही. इथे कुणी दुसऱ्याची गोष्ट सांगणार नाही. इथे माहिती मिळेल, सल्ला डॉक्टरांचा घ्यावा.

संगणक विभागाच्या बाई विचारत होत्या, कोण आलं, कुणी काय नेलं याची नोंद ठेवायची का? मी ती सोयच बंद करायला लावली. पुस्तक परत आलं की नेणाऱ्याचं नाव खोडायचं, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलंय. कोण काय वाचतं ही ज्याची त्याची गोष्ट आहे. बाई म्हणाल्या, "बघा हं, नंतर मागाल." मागणार नाही म्हटलं.

२ फेब्रुवारी

फिट येणाऱ्या लोकांचा एक गट आठवड्यातून दोनदा आपल्या ग्रंथालयात जमू लागलाय. स्वतः आजारी असलेले, कुणाची आई, कुणाचा भाऊ. सगळ्यांचा एकच प्रश्न: या गोळ्या जन्मभर घ्यायच्या का?

मोठ्या नावाजलेल्या नियतकालिकात याच विषयावर नवा शोधनिबंध आलाय. दोन वर्षं फिट आली नसेल तर सहा आठवड्यांत गोळ्या उतरवत बंद करता येतात, असं त्यात आहे. मी त्याचं सोप्या भाषेत पत्रक केलं. पत्रक क्रमांक तीन. आठवड्यागणिक किती कमी करायचं त्याचा तक्ता इतका सुबक झालाय की मी स्वतःच दोनदा उघडून पाहिला. खाली लिहिलंय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शेल्फवर ठेवलं. तिथे प्रत्येक रूपाला सामानाची एक झोळी असते; हात लावला की प्रत तिच्यात येते.

दुपारपर्यंत बऱ्याच जणांनी नेलं. खूप दिवसांनी वाटलं की मी कामाची बाई आहे.

११ फेब्रुवारी

दोन नवे नेहमीचे वाचक.

एक छत्रीवाली. तिथे पाऊस पडत नाही, तरी हिच्या डोक्यावर लाल छत्री. तोंडाचा पट्टा अखंड चालू. सकाळी मुलीला शाळेत सोडते आणि मग येते, असं सांगत होती.

दुसरा वाचक म्हणवत नाही. करड्या शर्टातलं एक रूप, शेल्फशेजारी नुसतं उभं असतं. हू नाही की चू नाही. मी नाव ठेवलंय खांबराव. संगणकाच्या बाई म्हणाल्या, पुष्कळ लोक संगणक चालू ठेवून निघून जातात, त्यांची रूपं तशीच ताटकळतात. म्हणजे घरात कुणी नसताना दारात चपला दिसतात, तसं.

गिऱ्हाईक नसलं की मी खांबरावांशी बोलते. तळघरात दुसरं आहे कोण? आज त्यांना सासूबाईंच्या चष्म्याची कथा सांगितली. चष्मा डोक्यावर आणि घरभर शोध. सांगून झाल्यावर खांबरावांची मान जराशी हलली. ही रूपं मधूनच आपोआप डुलतात म्हणे.

२६ फेब्रुवारी

तो शोधनिबंध मागे घेतलाय.

नियतकालिकाच्या पहिल्याच पानावर निवेदन आहे. लेखकांनी आकडे लपवले. ज्यांना गोळ्या कमी करताना पुन्हा फिट आल्या ती माणसं गणतीतूनच काढून टाकली होती. बहुतेकांना आल्या त्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात.

पत्रक लावलं त्याच दिवशी कुणी सुरुवात केली असेल, तर त्याचा चौथा आठवडा चाललाय.

शेल्फवरून प्रत काढली, पण लोकांच्या झोळ्यांतल्या प्रती मला काढता येत नाहीत. पुस्तक असतं तर परत मागवलं असतं. संगणकाच्या बाईंकडे धावत गेले, कुणी नेलं ते कळेल का विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच बंद करायला लावलं ना?" टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. म्हटलं, दारावर मोठ्या अक्षरांत लावू या की पत्रक चुकीचं होतं, गोळ्या कमी केल्या असतील तर ताबडतोब डॉक्टरांना भेटा.

"मॅडम, पंधरा तारखेला समिती येतेय पाहणीला," साहेब म्हणाले. "दारातच 'आम्ही चुकलो' अशी पाटी? आणि तसं पाहिलं तर तुम्ही चुकलाय."

"म्हणूनच मला लावायचीय."

"लावा की. जरा बेतानं लावा. तांत्रिक कारणास्तव पत्रक क्रमांक तीन मागे घेतलं आहे, चौकशी टेबलाशी संपर्क साधावा. झालं. नाहीतर मग ते ग्रंथालयच बंद करतो, सुंठेवाचून खोकला गेला."

ग्रंथालय बंद झालं तर ज्यांच्याकडे पत्रक आहे ते येणार कुठे? मी साहेबांच्या शब्दांत पाटी लावली. स्वतःला बजावतेय की चौकशीला येतील त्यांना नीट सांगेन. पटत नाहीये.

१ मार्च

चौकशीला पाचजण आले. सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. चौघांनी पत्रक वाचलंही नव्हतं, एकीने डॉक्टरांना दाखवलं तर ते रागावले. बरं झालं रागावले.

मग छत्रीवाली आली. "तांत्रिक म्हणजे काय हो? छपाईची चूक?" मी सांगायला सुरुवात करणार तोच तिने पुढे लिहिलं, "नाही, माझ्या ओळखीतल्या एकाने गोळ्या कमी करायला घेतल्यात म्हणून विचारलं."

चौकशीच्या टेबलामागे जन्म गेलाय माझा. "एका मैत्रिणीला हवंय", "शेजाऱ्यांना झालंय", "ओळखीतल्या एकाने". यातला एकही शेजारी मी खरा पाहिलेला नाही. माणूस लाजतो तेव्हा ओळखीतल्यांना पुढे करतो.

म्हणून मी हळूच विचारलं, "ओळखीतल्यांना आता कितवा आठवडा आहे?"

"चौथा संपला म्हणे."

खांबराव त्याच क्षणी दिसेनासे झाले. बहुतेक त्यांच्याकडची वीज गेली.

मी छत्रीवालीला लिहिलं, "हे बघा, इथे लाजायचं कारण नाही. तुम्हाला स्वतःला काही होत असेल तर सांगा." ती हसली आणि म्हणाली, मला काय धाड भरलीय, आजार माझ्या मुलीला आहे आणि तिच्या गोळ्यांना मी हात लावत नाही. मग मी खरं कारण सांगायच्या आत घाईघाईने निघून गेली. विषय टाळला हे उघड आहे.

३ मार्च

छत्रीवाली मुलीला सकाळी सोडते. कशाने? गाडीनेच असणार. रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं, फिट येणाऱ्या माणसाला तू शिकवतोस का? तो घास घेता घेता थांबला. "एकदा एकाने लपवलं होतं," म्हणाला. "माझ्या बाजूला ब्रेक होता म्हणून आज इथे बसलोय." सासूबाईंनी वाढायला घेतलेलं तसंच हातात धरलं होतं.

मला त्या गाडीच्या मागच्या सीटवर एक लहान मुलगी दिसते. दोन दिवस तेच दिसतंय.

५ मार्च

मी नको ते केलं.

छत्रीवाली आल्या आल्या मी तिला गाठलं. कुठे राहता, गाडी चालवता का, घरी कुणाला माहीत आहे का, असं सगळं विचारत सुटले. स्वतःच्या हाताने लावलेल्या नियमाखाली उभी राहून. ती म्हणाली, "मला सायकलसुद्धा येत नाही. बसने जाते मी." मी म्हटलं, "खोटं बोलू नका, तुमच्याच भल्याचं सांगतेय."

तिने लिहिलं, "मॅडम, कुणीतरी खासगी निरोपातून विश्वासाने सांगितलं होतं म्हणून मी नाव घेतलं नाही. दुसऱ्याची गोष्ट सांगायची नाही हा नियम तुमचाच ना? मी त्याला म्हटलंय पत्रक मागे घेतलंय म्हणून. तो म्हणतो, तांत्रिक कारण आहे, म्हणजे माहिती बरोबरच असेल."

आणि छत्री मिटून गेली. तिथे छत्री मिटते हे मला आजच कळलं. शोधनिबंधच खोटा होता, हे मात्र तिला सांगायचं राहूनच गेलं.

माझा अजून विश्वास बसत नाही. 'तो' म्हणजे पुन्हा ओळखीतला एक. इतकं बेमालूम बोलतात लोक. आता ती येणार नाही आणि पाचवा आठवडा चाललाय. मला रडू आलं. सायकलींच्या खोलीतून वर कुणीतरी जोरजोरात पेडल मारत होतं.

७ मार्च

छत्रीवाली आली नाही. खांबराव आहेत. उपयोग काय?

८ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दुपारी ग्रंथालयात चिटपाखरू नव्हतं. फक्त खांबराव. माझ्या मनात इतकं साठलं होतं की मी सगळं त्यांच्यापुढे ओतलं. टाइप करत गेले. "खांबराव, तुम्ही सुखी आहात. कुणाचा जीव तुमच्या सुबक तक्त्यावर टांगलेला नाही. ते पत्रक छपाईची चूक नव्हतं. तो शोधनिबंधच खोटा होता. ज्यांना फिट आल्या ती माणसं त्यांनी वगळली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आल्या त्यांना. आणि मी साहेबांना भिऊन 'तांत्रिक कारण' लिहिलं. मला लाज वाटते. ती छत्रीवाली कुठेतरी गाडी चालवतेय आणि मला तिचं नावही ठाऊक नाही."

लिहिलं आणि चहा आणायला उठले. खुर्ची सरकवताना पडद्यावर ओळ आली.

"ती नाही. मी."

मी परत खुर्चीत बसले.

मग थांबत थांबत, "मला लिहायला वेळ लागतो. पाचवा संपत आला. सोमवारपासून शेवटची अर्धी."

मी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"काचा पुसतो. बाहेरून."

"बाहेरून म्हणजे?"

"उंच इमारतींच्या. दोरीवर."

कितवा मजला, ते मी विचारलं नाही. विचारवलं नाही.

"गोळीने हात जड होतो," त्याने लिहिलं. "डोकं भरल्यासारखं राहतं. दोरीवर तसं चालत नाही. म्हणून कमी केल्या. दोन वर्षं झालीच होती."

मी एका हाताने फोन उचलला आणि मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंना लावला. दुसऱ्या हाताने लिहीत होते: जाऊ नका, थांबा, उद्या कामावर जाऊ नका. बाई दोन जिने उतरून तळघरात आल्या. खोली गेल्यापासून ग्रंथालयात पाय ठेवणाऱ्या त्या पहिल्याच डॉक्टर. खोक्यावर बसल्या, पडदा वाचला आणि म्हणाल्या, "त्याला लिही, आता आहेस तिथून जवळच्या रुग्णालयात आजच जा. एकटा जाऊ नकोस. जुनी गोळी सोबत घे. डॉक्टर सांगेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही."

लिहिलं. शेवटी माझं म्हणून लिहिलं, "माझ्यासाठी जा."

"उद्या रविवार, तरी रजा नाही," तो म्हणाला. "मुकादम काढून टाकेल."

"टाकू दे!" असं लिहिते आहे तोवर तो गेला. करडा शर्ट होता आणि नव्हता. डॉक्टरीणबाई बराच वेळ त्या रिकाम्या शेल्फकडे बघत होत्या. "पत्ता नाही तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

९ मार्च

काल रात्री घरूनच साहेबांची पाटी उतरवली. नवी लावली, मोठ्या अक्षरांत: पत्रक क्रमांक तीन चुकीचं होतं. ते मी लिहिलं होतं. त्यावर विसंबून गोळ्या कमी केल्या असतील तर आजच डॉक्टरांकडे जा, उंचावर जाऊ नका, गाडी चालवू नका. विचारायला संकोच वाटत असेल तर विचारू नका, पण जा.

आज रविवार, तरी तळघरात येऊन बसले. साहेबांचा फोन आला. इतका वेळ ओरडले की मी फोन टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिले. तो आला नाही.

घरी येताना बसमधून उतरले आणि माझी मान आपोआप वर गेली. चौकातल्या काचेच्या इमारतीवर दोन माणसं लोंबकळत होती. तो इथला आहे की दुसऱ्या टोकाचा, मला ठाऊक नाही. तरी मी ती माणसं खाली उतरेपर्यंत उभी होते. फुलवाला विचारत होता, बाई, काय हरवलंय?

१० मार्च

सोमवार. शेवटची अर्धी.

आला नाही. घरी कुणाशी धड बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या संगणकातल्या माणसांसाठी किती जीव आटवशील?" नवरा म्हणाला, "आई, असू दे." बाकी कुणी काही विचारलं नाही, त्याबद्दल मी दोघांची आभारी आहे.

११ मार्च

नाही.

साहेबांचं पत्र आलं. शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथालय बंद. मी उत्तर लिहिलं, शुक्रवारपर्यंत तरी उघडं आहे ना?

१३ मार्च

छत्री दिसली. मी टेबलामागून उठून दारापर्यंत गेले, म्हणजे माझं ते केस न विंचरलेलं रूप गेलं.

"आधी माफी मागते," मी लिहिलं.

"ती नंतर," तिने लिहिलं. "त्याचा निरोप आहे. तुमची नवी पाटी मी त्याला जशीच्या तशी पाठवली होती. रविवारी तो कामावर गेला नाही, दवाखान्यात गेला. बहिणीला घेऊन. तिथे बाकावर बसल्या बसल्या फिट आली. मोठी होती. खाली पडला, पण जमीन होती खाली. परिचारिका धावल्या."

मी विचारलं, किती वाजता?

"सकाळी. काम सुरू होतं त्याच सुमाराला."

मी पडद्यासमोर तोंड झाकून रडले. तळघरात मोठ्याने रडता येतं, ही एक सोय आहे.

छत्रीवाली थांबली होती. मग म्हणाली, "आणि मॅडम, मला खरंच सायकल येत नाही हो."

१४ मार्च

शेवटचा दिवस. दुपारी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. समितीपुढे हा विषय मी काढणार आहे, ग्रंथालय बंद कसं होतं तेच बघते, असं म्हणाल्या. बघू दे. आज मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

सहाला बंद करायचं होतं. त्याच्या थोडं आधी शेल्फजवळ करडा शर्ट दिसला.

नाव मी अजूनही विचारलं नाही. तोच हळूहळू लिहीत गेला. गोळी बदलून दिलीय, हात कमी जड होतो. दोरीचं काम सुटलं. मुकादमाने खाली बादल्या आणि साबणाचं काम दिलंय, पगार कमी. वर बघवत नाही, म्हणाला, सवय होईल. मी म्हटलं, होईल. माहिती नसताना बोललेलं ते वाक्य होतं, पण निघून गेलं तोंडातून.

मग म्हणाला, चष्मा सापडला का सासूबाईंचा?

मी हसले. सापडला, डोक्यावरच होता.

"मी घरी एकटाच असतो," त्याने लिहिलं. "बहीण लांब राहते. कामावर कुणाला आजाराचं माहीत नाही, म्हणून कुणाशी जास्त बोलत नाही. दुपारच्या सुट्टीत फोनवरून इथे यायचो. तुम्ही बोलायचा. चहाचं, साहेबांचं, घरचं. बरं वाटायचं."

पुढची ओळ यायला खूप वेळ लागला.

"एक विचारू? पहिल्यांदाच विचारतोय. मी खरा आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? म्हणून माझ्याशी बोलत होता ना?"

चपला, वीज, आपोआप डुलणारी मान, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. सहा वाजत आले होते.

"हो," मी लिहिलं. "माहीत होतं."

त्याने मान हलवली आणि गेला. चौकशीच्या टेबलावरून मी आजवर कुणाला जाणूनबुजून चुकीची माहिती दिली नव्हती. ही दिली, आणि ही मी मागे घेणार नाही.